हिवराच्या शेंगेतले चार

जालन्यातल्या मस्तगडच्या त्या गल्लीत साधनाच्या नजरेची ख्याती होती. वर्षाचे गहू भरायचे दिवस आले की शेजारणी सूप घेऊन तिच्या ओट्यावर येत, कारण दुसऱ्या कुणाला न दिसलेला सोंडकिडा साधनाला दिसायचा. ती तो चिमटीत धरायची नाही. चिमटीत जीव दबतो. लग्नपत्रिकेचा एखादा तुकडा त्याच्यापुढे धरायची, तो आपणहून चढला की पितळी वाटीत उतरवायची, वाटीत मूठभर गहू टाकायची आणि ती जिन्याखालच्या सावलीत नेऊन ठेवायची. घरातून काढायचं, पण उपाशी काढायचं नाही, अशी तिच्या सासरची रीत. नेहल चार वर्षांची झाली तेव्हापासून वाटी नेण्याचं काम तिच्याकडं होतं. ती मध्येच जिन्यात बसून किड्यांचे पाय मोजायची आणि साधना आतून हाक मारायची, "अगं, उन्हात नको बसू त्यांना घेऊन."

साधनाचं माहेर घनसावंगीचं, किराण्याच्या दुकानाचं. बारावीला चांगले मार्क पडले म्हणून वडिलांनी तिला जालन्याला बी.एस्सी.ला घातलं. पहिल्याच वर्षी प्रात्यक्षिकाच्या तासाला मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून बसवलेला बेडूक तिच्या पुढ्यात आला. ती ट्रे तशीच ठेवून बाहेर पडली आणि पुढच्या आठवड्यात तिनं आर्ट्सला नाव घातलं. वडिलांना वाटलं, पोरीला गणित झेपलं नाही. तिनंही त्यांना तसंच वाटू दिलं. पुढं बी.ए. झाली, मोटार-पंपांचं दुकान असलेल्या पारसशी लग्न झालं, आणि सकाळची सामायिकीची ध्यानबैठक, सूर्यास्ताआधीचं जेवण, चौमासात पालेभाजी बंद, या सगळ्या जैन आचारात ती अशी मुरली की बेडकाची गोष्ट तिनं पारसलाही कधी सांगितली नाही.

म्हणून नेहलनं प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा साधनानं एकच गोष्ट विचारली होती, कापाकापी असते का. आता ते सगळं कॉम्प्युटरवर दाखवतात, असं नेहल म्हणाली आणि साधनाच्या जिवाला बरं वाटलं. एम.एस्सी.ला पोरगी संभाजीनगरला गेली आणि तिथं तिनं प्रकल्पासाठी निवडले ते पतंग. मोठे, रंगीत, दिव्यावर येणारे नव्हे. जिऱ्याच्या दाण्याएवढे, ज्यांच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही असे.

त्या मे महिन्यात नेहल राजूरकडच्या एका शेतातून पिशवीभर शेंगा घेऊन आली. शेत कडूबाचं. तो पारसच्या दुकानाचा जुनं गिऱ्हाईक, आणि त्याच्या बांधावर हिवराचं एक म्हातारं झाड होतं. शेंगांना सुईच्या टोकाएवढी भोकं होती आणि आत अळ्या होत्या. नेहलनं शेंगा तीन प्लास्टिकच्या बरण्यांत भरल्या, तोंडाला मलमलचं फडकं लावून रबर चढवलं आणि बरण्या देवघराशेजारच्या खिडकीत ठेवल्या. होस्टेलच्या पत्र्याखाली उकाड्यानं त्या मेल्या असत्या.

"आठवड्यातून एकदा फडक्यावर थोडं पाणी शिंपडायचं," ती म्हणाली. "आणि पतंग बाहेर आले की मला फोन करायचा. बस. उघडायचं बिलकुल नाही."

मग तिनं आईला समजावून सांगितलं होतं. बाभळीच्या शेंगेत असाच एक पतंग सापडतो, त्याचं नाव पुस्तकात आहे. पण हिवराच्या शेंगेतला तोच की वेगळा, हे इकडं कुणी नीट पाहिलेलंच नाही. नुसत्या पंखांवरून सांगता येत नाही, अर्धा डझन जाती सारख्याच दिसतात. शेपटीकडचा अगदी शेवटचा भाग सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा, बंगळुरूच्या एका तज्ज्ञांना दाखवायचा, तेव्हा नाव ठरतं. साधनानं मान डोलवत सगळं ऐकलं. तिच्या मनात त्यातला एकच भाग राहिला. म्हणजे ते आधी मरायला हवेत.

जून गेला, जुलै गेला. साधना पाणी शिंपडत होती. अळ्या शेंगेतून निघून बरणीच्या तळाशी पांढरे कोष करून गप्प झाल्या होत्या. नेहल दर रविवारी फोनवर विचारायची. पारस म्हणायचा, "तुझी बाळंतीण झाली का मोकळी?" आणि आपल्याच विनोदावर हसत दुकानात जायचा. साधनाला मात्र त्या बरण्यांचा लळा लागला होता. सामायिकीच्या अठ्ठेचाळीस मिनिटांत डोळे मिटलेले असले तरी खिडकीत कुणीतरी निजलंय, हे तिला जाणवत राहायचं.

पर्युषणाच्या पाचव्या दिवशी सकाळी आसन गुंडाळताना तिनं पाहिलं. मधल्या बरणीत, फडक्याच्या आतल्या बाजूला, चार.

आधी तिनं मोबाइल आणला आणि फोटो काढला. नेहललाच पाठवायचा होता. मग म्हटलं, जरा नीट बघावं. बसून राहिली. राखेच्या रंगाचे पंख पाठीवर छपरासारखे मिटलेले, त्यांवर पितळेच्या तारेसारख्या दोन तिरक्या रेघा. बसायच्या आधी प्रत्येक जण स्वतःभोवती एक गिरकी घ्यायचा आणि बसला की डोकं खाली, शेपूट वर. एवढ्याशा जिवाची एवढी ऐट. जैन स्थानकात त्या आठवड्यात साध्वी महासतीजी रोज सांगत होत्या, की सुईच्या अग्रावर मावणाऱ्या जिवालाही जगायची तितकीच इच्छा असते जितकी आपल्याला. साधना ते लहानपणापासून ऐकत आली होती. त्या दिवशी ते तिच्यासमोर बसलेलं होतं.

फोटो गेला नाही. दुपारी पाठवू म्हणाली, मग संध्याकाळी पाठवू, मग उद्या सकाळी.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं रबर काढलं.

बाहेर सरीवर सरी कोसळत होत्या. बरणी गजाबाहेर धरली असती तर पहिल्याच थेंबाखाली ते चिरडले असते, म्हणून तिनं फडकं बाजूला करून बरणी आतल्या कोनाड्यात ठेवली. पाऊस थांबला की जातील आपले आपण. पहिला पतंग काठावर आला, त्यानं गिरकी घेतली आणि तो भिंतीवर जाऊन बसला. दुसरा त्याच्याशेजारी. तेवढ्यात खिडकीच्या पल्ल्यामागून पाल निघाली.

साधनाचा हात वर गेला आणि तिथंच राहिला. टाळी वाजवली असती तर पाल पळाली असती. पण दुसऱ्याच्या तोंडचा घास काढला तर अंतरायाचं पाप लागतं, हेही तिला तितक्याच लहानपणापासून पाठ होतं. वाचवायचं कुणाला आणि उपाशी ठेवायचं कुणाला, हे तिला ठरवता येईना. पालीनं पहिला घेतला. मग दुसरा. उरलेले दोघे उडाले तेव्हा साधनानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा भिंत रिकामी होती आणि पाल पल्ल्यामागे परत गेली होती. उरलेले दोघे पावसात गेले की आणखी कुठं, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

संध्याकाळी नेहलचा फोन आला. आधी आईनं काय खाल्लं, उपवास किती झाले, हे झालं. मग तिनं नेहमीच्याच आवाजात विचारलं, "काही आलं का गं?"

"नाही," साधना म्हणाली. "काहीच नाही."

फोन ठेवल्यावर तिनं मोबाइलमधला फोटो पुसून टाकला. बरणी धुतली. रिकामे कोष पाण्याबरोबर मोरीत गेले.

पर्युषणाच्या शेवटच्या, संवत्सरीच्या दिवशी प्रतिक्रमण झालं. चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जिवांची क्षमा मागून झाली. मग रिवाजाप्रमाणे नात्यागोत्यात खमतखामणा सुरू झाला, फोनवर फोन. वर्षभरात कळत-नकळत मन दुखावलं असेल तर माफ करा, असं साधनानं नणंदेला म्हटलं, जावेला म्हटलं, माहेरी म्हटलं. नेहललाही म्हटलं. नेहल हसली आणि म्हणाली, "मम्मी, तू कसली माफी मागते? तू माझं काय बिघडवणार?" एवढ्या जणांची माफी मागून झाली होती आणि जिची मागायची होती तिला ती कशाबद्दल, हेच माहीत नव्हतं. अशी माफी कुठं जमा होते, कोण जाणे.

बाकीच्या दोन बरण्यांतून काही आलंच नाही. एकीत बुरशी धरली, दुसरीतल्या कोषांतून बारीक काळ्या माशा निघाल्या. नेहलनं त्या फोटोवरून ओळखल्या, अळ्यांच्या जिवावर वाढणाऱ्या. म्हणजे सगळा हंगाम गेला, असं तिनं धरलं. ती चिडली नाही. "होतं असं," एवढंच म्हणाली. साधनाला वाटलं, चिडली असती तर बरं झालं असतं.

दसऱ्याला नेहल घरी आली ती लॅपटॉप घेऊनच. जेवताना तिनं सांगितलं, की मार्गदर्शक सरांनी मार्ग काढून दिलाय. अळ्या दिसायला बाभळीतल्यासारख्याच होत्या, पतंग हाती आले नाहीत, तर मग तेच नाव लिहायचं आणि पुढं जायचं. प्रबंध महिन्याभरात द्यायचा होता. पारसला ते एकदम पटलं. "बराबर आहे. ज्याचं नाव माहीत आहे ते लिहावं. गिऱ्हाइकाला काय कळतं?"

"आणि ते नसलं तर?" साधनानं विचारलं.

"असेल बहुतेक," नेहल म्हणाली. "बाभळीतल्याच्या पंखांवर काहीच नसतं, साधा तपकिरी. एक जरी निघाला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं."

साधना पोळी वाढता वाढता थांबली. पितळेच्या दोन रेघा तिच्या डोळ्यांपुढं होत्या. आतापर्यंत तिला वाटत होतं की तिनं एक खोटं बोललं, आणि ते तिचं तिला भोगायचं आहे. आता तेच खोटं पोरीच्या नावाखाली छापलं जाणार होतं. पुढं कुणीतरी ते वाचणार, खरं मानणार, त्याच्यावर आणखी काही लिहिणार. आणि हे सबंध जगात एकट्या साधनाला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी नेहल झाडाचे शेवटचे फोटो काढायला राजूरला निघाली, तेव्हा साधना म्हणाली, "मीही येते." नेहलला नवल वाटलं. आई कधी शेतात येत नसे, गवतात पाय पडला की कितीतरी जीव जातात म्हणून. त्या दिवशी चतुर्थी नव्हती, राजूरच्या गणपतीची गर्दी नव्हती, म्हणून काळी-पिवळी जीपमध्ये दोघींना पुढची सीट मिळाली. वाटेत दोनदा साधनानं तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

कडूबा बांधावर उभा होता. नेहलच्या हातातली पिशवी पाहून तो हसला.

"शेंगा आता कुठल्या, ताई? आत्ताशी फुलं लागून राह्यली. शेंगा चैत-वैशाखात. अन् त्याबी माझ्या बकऱ्यांच्या आधी या." मग साधनाकडं वळून म्हणाला, "भाभी, मागच्या टायमाला ही आल्ती तवा माय मला इचारते, मारवाड्याच्या घरी बकरी कवा घेतली रे?"

साधना कसंबसं हसली. कडूबा पाण्याची पाळी बघायला मोटारीकडं गेला आणि दोघी झाडाखाली राहिल्या. हिवर फुलांनी फिकट पिवळा झाला होता, सगळ्या फांद्यांवर बारीक धुरळा बसल्यासारखा. साधना वाटेत बघून बघून पाय टाकत बुंध्यापर्यंत आली होती. नेहल फांदी खाली ओढून फोटो काढत होती आणि अर्धं आईशी, अर्धं स्वतःशी बोलत होती. पतंगानं अंडी घालायची तर या फुलांवर किंवा कोवळ्या शेंगांवर घालणार. म्हणजे फुलं येतात तेव्हाच तो कोषातून बाहेर यायला हवा. ऑगस्टच्या शेवटी, सप्टेंबरात. हिशोबानं तेव्हाच निघायला हवे होते.

"निघाले होते," साधना म्हणाली.

नेहलनं फांदी सोडली नाही. तिला वाटलं, आईनं ऐकलेलं काहीतरी चुकीचं धरलंय.

"पर्युषणाच्या पाचव्या दिवशी. चार होते. मी बरणी उघडली."

फांदी सुटून वर गेली आणि फुलांचा बारीक भुगा दोघींच्या अंगावर पडला. साधनानं मग काही राखून ठेवलं नाही. पाऊस सांगितला, कोनाडा सांगितला, पाल सांगितली, वर गेलेला हात सांगितला. फोनवर नाही म्हणाले ते जाणूनबुजून म्हणाले, हेही सांगितलं. नेहल झाडाच्या मुळीवर बसली. बराच वेळ ती नुसती बुटाच्या टोकानं माती उकरत राहिली.

"फोटो?" तिनं शेवटी विचारलं.

"काढला होता. पुसला."

नेहलनं हात पुढं केला. साधनानं मोबाइल दिला. पुसलेले फोटो तीस दिवस एका कप्प्यात पडून असतात, हे साधनाला माहीत नव्हतं. नेहलनं तो कप्पा उघडला. तिथं परवाच्या फराळाचे दोन फोटो होते. पर्युषणाला सव्वा महिना झाला होता. तिनं मोबाइल परत दिला.

"मम्मी, मला एकच लागणार होता," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "चार आले तर एक ठेवायचा आणि तिघांना इथं आणून या झाडावर सोडायचं, असं मी ठरवलं होतं. माझा तसाच नेम आहे, पहिल्यापासून. मस्तगडात हिवर कुठाय? ते चार-पाच दिवस जगतात. पाल नसती तरी त्यांनी काय केलं असतं तिथं?"

पोरीचा हा नेम साधनाला माहीत नव्हता. माहीत नव्हता कारण तिनं विचारला नव्हता. मेलेले पाहिजेत, एवढं ऐकून तिनं पोरीला कसायाच्या रांगेत बसवलं होतं आणि स्वतः चारही जीव घालवून पोरीलाच खोटं सांगितलं होतं. जी पोर जिन्याखाली वाटी नेताना मध्येच बसून किड्यांचे पाय मोजायची, तिच्यावर एवढासा भरवसा तिला ठेवता आला नव्हता.

"रागव मला," ती म्हणाली.

"रागवून काय होणार आहे?" नेहल म्हणाली आणि तिनं सॅकमधून वही काढली. "कसे होते ते सांग. एकेक. दिसलं तेवढंच सांग."

मग कितीतरी वेळ ती विचारत राहिली आणि साधना उभ्या उभ्या सांगत राहिली. रंग. रेघा किती, कुठून कुठं. बसायची पद्धत. गिरकी डावीकडून की उजवीकडून. पोरीचा आवाज तिला परका वाटत होता, कोर्टातल्यासारखा, पण ती एकाही प्रश्नाला अडखळली नाही. पितळी रेघांशी आल्यावर नेहलचं पेन क्षणभर थांबलं. बाभळीतला नव्हता, हे तिला कळलं होतं. कुठला होता, हे कळायची वाट आता पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद होती.

"आता काय लिहिशील?" साधनानं विचारलं.

"नाव लिहिता येणार नाही. ते नाव पण नाही आणि दुसरं पण नाही. ओळख पटली नाही, एवढंच." तिनं वही मिटली. "सरांना आवडणार नाही. मुदत वाढवून मागावी लागेल. नाही दिली तर हे प्रकरण काढून टाकावं लागेल, आणि तेच मोठं होतं."

कडूबा चहाला हाक मारत आला. दोघींच्या चेहऱ्यांकडं पाहून त्यानं जास्त काही विचारलं नाही, नुसता चहा दिला. नेहलनं त्याला विचारलं, की पुढच्या उन्हाळ्यात शेंगांच्या बरण्या तुमच्या ओसरीत ठेवल्या तर चालेल का.

"ठेवा की. मायला सांगतो, हात न्हाई लावायची ती. फोन तेवढा करायचा ना पाकोळी निघाली की? करतो."

साधनानं मान खाली घातली. खिडकी तिच्या घरात होती, बरण्या तीन महिने तिनं जपल्या होत्या, पण त्यावर बोलायला तिच्याजवळ तोंड नव्हतं. ती फक्त एवढंच म्हणाली, की पाणी आठवड्यातून एकदाच शिंपडा, जास्त झालं की बुरशी धरते. कडूबानं बरं म्हटलं.

परतीच्या गाडीत गर्दी होती. नेहलला खिडकीशी जागा मिळाली आणि साधना तिच्याशेजारी अर्धी टेकली. साधनाच्या डोक्यात पारसला काय सांगायचं ते चाललं होतं. आज सगळं सांगायचं, हे ठरलं होतं. जालना जवळ आल्यावर नेहलनं वही उघडून लिहिलेलं पुन्हा वाचायला घेतलं. एका ठिकाणी तिनं बोट ठेवलं.

"मागचे पंख कसे होते? उडताना तेवढे दिसतात. त्यावरून पुष्कळ कळतं."

साधनानं आठवून पाहिलं. राखी म्हटलं असतं तरी चाललं असतं, पांढरट म्हटलं असतं तरी पोरीनं लिहून घेतलं असतं. पोरगी पेन धरून तिच्याकडंच बघत होती.

"नाही पाहिले," ती म्हणाली. "दोघे उडाले तेव्हा मी डोळे मिटले होते."

नेहलनं आईकडं थोडा वेळ पाहिलं. मग धक्के खाणाऱ्या गाडीत वही मांडीवर घट्ट दाबून धरली आणि लिहिलं, मागचे पंख : पाहिले नाहीत.